शांत गाव म्हणजे काय?

या संवादातले दोघे काल्पनिक आहेत, पण त्यांचं भांडण हिंगोली जिल्ह्यात कुठल्याही पारावर ऐकू येईल. गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, मराठा शेतकरी घरातले, गळ्यात माळ घातलेले, दरवर्षी नर्सी नामदेवला जाणारे. वकीलबाई त्यांच्याच शाळेत शिकलेल्या, त्याच गावच्या बौद्ध वस्तीतल्या, आता हिंगोलीच्या न्यायालयात वकिली करणाऱ्या. माणसामाणसांत फूट कुठून येते, ती कोण पाडतं आणि भरून कशी निघते, या प्रश्नांवर दोघांचं एकमत नाही. वाद सोडवून टाकण्याची घाई दोघांनाही नाही.

गुरुजी : मी तुला सरळच सांगतो. द्वेष गावचा नाही, तो बाहेरून येतो. मराठा, वंजारी, धनगर, हटकर, बंजारा, आंध, बौद्ध, मातंग, मुसलमान, सगळ्यांची पोरं मी एका सतरंजीवर बसवली. पोळ्याला बैल एका वेशीतून जायचे. मग 2023 चा ऑक्टोबर आला आणि मराठा आरक्षणासाठी वेशीवर पुढाऱ्यांना गावबंदीचे फलक लागले. 26 नोव्हेंबरला हिंगोलीत रामलीला मैदानावर ओबीसींची एल्गार सभा झाली. पुढच्या वर्षी 6 जुलैला मनोज जरांगे पाटलांची शांतता रॅली हिंगोलीतूनच निघाली. आणि तेवढ्या काळात लोकांनी दुकानं बदलली! ज्या किराणावाल्याकडे बापजाद्यांचं उधारीचं खातं, त्याच्यासमोरून मान खाली घालून जायलेत. हे गावानं केलं का? हे भाषणांनी केलं, मोबाईलनं केलं.

वकील : सतरंजी एक होती, हे मी नाकारत नाही. मी तिच्यावरच बसले. पण शाळा सुटली की पोरं आपापल्या वस्तीकडे वळायची, आणि कुठली वस्ती कुठल्या दिशेला हे गावानं कधीच ठरवून ठेवलं होतं. पाण्याची विहीर वेगळी, मेल्यावर जाळायची जागा वेगळी. बाबा आढावांना 1972 मध्ये ‘एक गाव, एक पाणवठा’ ही मोहीम काढावी लागली, तेव्हा मोबाईल नव्हता. ज्याला तुम्ही शांतता म्हणता तिला आमच्याकडे ‘आपलं आपण बघून राहणं’ म्हणायचे. कुणी चुकून पायरी ओलांडली नाही, म्हणून कुणी हात उगारला नाही.

गुरुजी : म्हणजे प्रेमाचा तो सगळा व्यवहार खोटा?

वकील : खोटा नाही, सशर्त. तुमच्या आईनं माझ्या आजीला बाळंतपणात तूप दिलं, ते खरंच. आजी शेवटपर्यंत त्याची आठवण काढायची. पण ते तूप वरून ओंजळीत पडायचं, हेही तितकंच खरं. माणूस जिव्हाळ्यानं वागतो आणि त्याच वेळी अंतरही पाळतो. द्वेष म्हणजे दात-ओठ खाणंच असतं असं नाही. बऱ्याचदा ती नुसती रीत असते, आणि रीत पाळणाऱ्याला आपण कुणाचा द्वेष करतो असं वाटतही नाही.

गुरुजी : रीत होती, मान्य. पण ती मोडणारी माणसंही याच मातीतली ना? नामदेव महाराज 1270 चे, आपल्या नर्सीचे. जातीनं शिंपी. चोखोबांना जवळ केलं, मंगळवेढ्याला गावकुसाच्या भिंतीखाली दबून चोखोबा गेले तेव्हा त्यांच्या अस्थी पंढरपूरला आणल्या. पंजाबात घुमानपर्यंत नाव पोहोचलं, गुरू ग्रंथ साहिबात त्यांची 61 पदं आहेत. औंढ्याला विसोबा खेचरांनी त्यांना शिकवलं की देव एका जागी कोंडलेला नाही. मला हे सांगायचंय की इथे एकोप्याचीही एक परंपरा आहे. तिच्यावर पाय रोवायचे सोडून तुम्ही लोक दरवेळी जखमाच मोजता.

वकील : औंढ्याचीच गोष्ट पुरी सांगा ना गुरुजी. नामदेव नागनाथासमोर कीर्तनाला उभे राहिले, तिथल्या पुजाऱ्यांना ते चाललं नाही, त्यांना देवळामागं जायला सांगितलं. मग म्हणे देऊळच फिरलं आणि नामदेवांच्या समोर आलं. नामदेवांच्या पंजाबातल्या पदांतही जातीवरून उठवून लावल्याचं दुःख आहे आणि देऊळ फिरल्याची गोष्टही. आपण देऊळ फिरल्याचा चमत्कार सांगतो. मला दिसतं ते असं, की देऊळ फिरलं, पण माणसं जागची हलली नाहीत. चोखोबांची समाधी पंढरपुरात महाद्वाराबाहेर पायरीशी झाली. आणि विठ्ठलाच्या देवळात अस्पृश्यांना जाता यावं म्हणून 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींना प्राणांतिक उपोषणाला बसावं लागलं. मधे सहाशे वर्षं गेली. त्या सहाशे वर्षांत दिंड्या थांबल्या नव्हत्या, अभंग थांबले नव्हते. संत होते म्हणून समाज समतेचा होता असं नाही. उलट समाज तसा होता म्हणून संतांना बोलावं लागलं.

गुरुजी : हे लागलं मला. पण एक विचारतो. साने गुरुजींच्या उपोषणाला महाराष्ट्रभरातून शेकडो गावांनी आपली देवळं उघडून साथ दिली ना? ती दारं उघडणाऱ्यांच्या कानावर अभंग पडले होते म्हणूनच ते हलले. बी सहाशे वर्षं जमिनीत राहिलं म्हणून ते बी नव्हतं असं होत नाही.

वकील : ठीक. बी होतं. पाणी मात्र उपोषणानं आणि कायद्यानं घातलं.

गुरुजी : बरं, आता तू 1978 काढशील.

वकील : काढावंच लागेल, कारण तिथे तुमचा ‘बाहेरून आलं’ हा सिद्धांत टिकत नाही. काय झालं होतं? औरंगाबादला 1958 मध्ये मराठवाडा विद्यापीठ निघालं. त्याच्याही आधी, 1950 मध्ये, बाबासाहेबांनी तिथे मिलिंद महाविद्यालय काढलं होतं. निजामाच्या राज्यात जिथे शिक्षणाची वानवा होती, तिथे हे कॉलेज आलं आणि वस्तीवस्तीतून पोरं शिकायला गेली. म्हणून विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्या, ही मागणी. 27 जुलै 1978 ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी एकमतानं ठराव केला. आणि त्याच दिवसापासून मराठवाडा पेटला. तेव्हा हिंगोली परभणी जिल्ह्यातच होती, 1 मे 1999 पर्यंत. सुमारे बाराशे गावांना झळ बसली. घरं जळाली, विहिरींत घाण टाकली, वस्त्यांवर बहिष्कार पडले, माणसं हजारोंनी गाव सोडून गेली. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचीराम कांबळेंना मारलं. एका शहरातल्या विद्यापीठाच्या पाटीसाठी, जिथे त्या हल्लेखोरांपैकी बहुतेकांनी कधी पाऊलही ठेवलं नव्हतं!

गुरुजी : त्या वेळी नामांतराला विरोध करणारे सगळे जातीयवादी होते असं तू म्हणू नकोस. गोविंदभाई श्रॉफ, अनंत भालेराव, निजामाशी लढलेली माणसं ती. त्यांचं म्हणणं मराठवाड्याच्या अस्मितेचं होतं. एवढ्या मोठ्या लढ्यानंतर या भागाच्या नावानं मिळालेली एकच मोठी संस्था, तिचं नाव पुसू नका, असं ते म्हणत होते. बाबासाहेबांबद्दल त्यांच्या मनात अढी नव्हती.

वकील : त्यांच्या मनात नव्हती असं धरून चालू. प्रश्न असा की त्यांचा युक्तिवाद औरंगाबादच्या वृत्तपत्रातून निघून खेड्यात पोहोचेपर्यंत त्याचं काय झालं? शहरात ‘अस्मिता’ म्हणून छापलं गेलं, आणि खेड्यात त्याचा अर्थ ‘हे लय माजले’ असा लागला. खेड्यातल्या माणसाला विद्यापीठाशी देणंघेणं नव्हतं, त्याचा राग शेजाऱ्यावर होता. कुणावर? ज्यानं 1956 च्या धम्मदीक्षेनंतर मेलेलं जनावर ओढायचं सोडलं, येसकरकी सोडली. ज्यानं गायरानावर चार ओळी ज्वारी पेरली. ज्याच्या पोराला स्कॉलरशिप मिळाली आणि जो पँट घालून गावात आला. ज्यांनी मान वर केली त्यांच्यावर सगळ्यात आधी घाव बसला. सालगडी म्हणून खाली मान घालून राबणारा बऱ्याच ठिकाणी वाचला. ठराव हे निमित्त होतं, आतला हिशेब वीस वर्षांचा होता.

गुरुजी : म्हणजे तुझं म्हणणं, द्वेष आधीपासून होता, फक्त दिसत नव्हता.

वकील : माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. खालचा खाली असतो तोवर द्वेषाची गरजच पडत नाही. तो वर चढायला लागला की द्वेष लागतो. समाजाची घडी जिथे हलते, तिथे तो उगवतो. बाबासाहेबांनी याला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं. वर एक मालक आणि खाली सगळे गुलाम अशी ही रचना नाही, प्रत्येकाच्या खाली कुणीतरी आहे. म्हणून प्रत्येकाला आपल्या खालच्याचं वर येणं हे स्वतःचं खाली जाणं वाटतं. ज्याच्याकडे दोन एकर कोरडवाहू आहे, कर्ज आहे, पोराला नोकरी नाही, त्याच्याकडे शिल्लक काय असतं? आपण त्यांच्यापेक्षा वरचे, एवढंच. ते गेलं की सगळं गेलं असं त्याला वाटतं.

गुरुजी : आता माझा हिशेब ऐक. मराठवाड्यात आठ हजारांवर गावं. बाराशे पेटली. म्हणजे सातांतली सहा गावं पेटली नाहीत. तुम्ही सगळे अभ्यास जळालेल्या गावांचे करता. जी जळली नाहीत तिथे काय होतं, हे कुणी विचारायचं? तिथेही तीच उतरंड, तोच दुष्काळ, तीच रेडिओवरची बातमी. तरीही कुणाच्या घराला काडी लागली नाही. याला मी शेजारधर्म म्हणतो आणि तू त्याला शून्य किंमत देतेस.

वकील : शून्य नाही देत. उलट तुम्ही विचारलेला प्रश्नच सगळ्यात मोलाचा आहे. आशुतोष वार्ष्णेय नावाच्या अभ्यासकानं हाच प्रश्न हिंदू-मुस्लिम दंगलींबद्दल विचारला. 2002 मध्ये त्यांचं पुस्तक आलं. दंगली होणारी शहरं आणि न होणारी शहरं त्यांनी जोड्या लावून तपासली, अलिगढ आणि कालिकत, हैदराबाद आणि लखनौ. निष्कर्ष असा, की जिथे दोन्ही समाजांची माणसं एकाच व्यापारी संघटनेत, कामगार संघटनेत, पक्षात, मंडळात एकत्र काम करतात तिथे अफवा आली तरी ती दंगल होत नाही. नुसतं एकमेकांच्या सणाला जाणं शहरात पुरत नाही.

गुरुजी : आणि खेड्यात?

वकील : खेड्यात रोजची ओळखदेख बरीच पुरते, असं त्यांना दिसलं. अशा दंगलींत मेलेल्यांपैकी खेड्यातले फारच थोडे.

गुरुजी : बघ! हेच मी मघापासून म्हणायलोय.

वकील : थांबा. ते हिंदू-मुस्लिम दंगलींचं आहे. जातीच्या अत्याचाराचं गणित उलटं आहे, तो मुख्यतः खेड्यात होतो आणि ओळखीच्या माणसाकडूनच होतो. ओळख दोघांना बरोबरीची असेल तर ती राखते, पण एकाला मालक आणि दुसऱ्याला गडी म्हणून असेल तर तीच ओळख घर कुठलं ते दाखवते. म्हणून न जळालेल्या सहा गावांत मला दोन प्रकार दिसतात. काही गावांत माणसं आडवी उभी राहिली असतील. आणि काही गावांत जाळण्यासारखं काही घडलंच नव्हतं, कारण तिथे कुणी मान वर केली नव्हती. बाहेरून दोन्ही गावं सारखीच शांत दिसतात.

गुरुजी : हं. त्यातलं कुठलं गाव कुठल्या प्रकारचं, हे ओळखायचं कसं?

वकील : त्यावर येऊ. आधी मला तुमच्या सतरा सप्टेंबरबद्दल विचारायचंय.

गुरुजी : विचार. मुक्तिदिनाचं झेंडावंदन मी एकदाही चुकवलं नाही. निजामाच्या बाजूच्या रझाकारांनी या भागात काय केलं ते माझ्या वडलांनी डोळ्यांनी बघितलं होतं. माणसं पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात पळाली, उमरखेडसारख्या ठिकाणी सरहद्दीवर लढ्याचे कॅम्प होते. 13 सप्टेंबर 1948 ला भारताच्या फौजा आल्या आणि 17 तारखेला निजाम शरण आला. हे पोरांना सांगितलंच पाहिजे.

वकील : सांगितलंच पाहिजे. त्यानंतरच्या आठवड्यांचं काय? पोलीस ॲक्शननंतर मुसलमानांवर सूड उगवला गेला. नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा या जिल्ह्यांत सर्वाधिक संहार झाल्याचं तिनं लिहिलं आणि संस्थानभरातल्या मृतांचा अंदाज 27 ते 40 हजारांचा दिला. तो अहवाल अधिकृतरीत्या 2013 पर्यंत लोकांना बघायला मिळाला नाही. मारले गेलेल्यांत रझाकारांशी काही संबंध नसलेले विणकर, शेतमजूर, बाया, पोरं होती. आम्हाला शाळेत पहिली अर्धी गोष्ट कळली, दुसरी अर्धी कधीच नाही.

गुरुजी : कारण ती सांगितली की रझाकारांचा जुलूम पुसला जातो असं लोकांना वाटतं.

वकील : का पुसला जाईल? रझाकारांच्या कासिम रझवीचं पाप तेवढंच राहतं. गावात सगळे आपापली अर्धी गोष्ट जपून ठेवतात. मराठा घरांत 2016 चं कोपर्डी, जिथे मराठा लेक गेली, आमच्या घरांत 2006 चं खैरलांजी, जिथे दलित कुटुंब मारलं गेलं. तुम्ही मराठ्यांच्या मूक मोर्चात चाललात, मला माहीत आहे. त्या लेकीसाठी तुम्ही रडलात तेही खरं. पण त्याच मोर्चात ॲट्रॉसिटी कायदा बदलण्याची मागणी होती, म्हणून आमची वस्ती त्या दिवशी दारं लावून बसली. लेक गेल्याचं दुःख एकच, पण ते जातीनं वाटून घेतलं. मला वाटतं, एखादा समाज किती फुटला आहे ते यावरूनच कळतं. त्याला फक्त आपलंच प्रेत दिसतं.

गुरुजी : कायद्याचं निघालंच आहे तर ऐक. मी गावात बघितलंय, बांधावरून भांडण झालं, दोघांची चूक, आणि दुसऱ्या दिवशी ॲट्रॉसिटी. मग दोन्ही घरं कायमची तुटतात. कायदा गुन्हेगार शोधतो, शेजारी घडवत नाही.

वकील : काही फिर्यादी तशा असतील, तशा चोरीच्याही असतात. पण मी ज्या फाइली हाताळते त्यांत मला उलटंच जास्त दिसतं. फिर्यादच घेतली जात नाही, घेतली तर साक्षीदार फुटतात, कारण साक्षीदाराला उद्या त्याच गावात मजुरीला जायचंय. 1 जून 2023 ला नांदेडजवळच्या बोंढार हवेलीत आमच्या समाजाच्या एका तरुणाचा खून झाला. गावात आंबेडकर जयंती साजरी केल्याचा तो राग होता, असा आरोप आहे. जयंती, म्हणजे पुन्हा मान वर करणंच! अशा ठिकाणी शेजारधर्माची वाट बघत बसायचं का? शेजारी घडवणं कायद्याचं काम नाही, कबूल. पण शेजारी घडेपर्यंत जिवंत राहता यावं, हे त्याचंच काम आहे.

गुरुजी : हे मला पटतं. पण मग 2023 नंतर जे झालं त्याला तुझा कायदा लावून दाखव. मराठ्यानं माळ्याच्या, वंजाऱ्याच्या दुकानात जायचं सोडलं, त्यांनीही तेच केलं. यात कोण वर, कोण खाली? तुझी उतरंड इथे लागू होत नाही.

वकील : इथे मी अडते, हे कबूल करते. दलितांवर बहिष्कार टाकला तर तो ॲट्रॉसिटी कायद्यात गुन्हा. जातपंचायतीनं स्वतःच्याच माणसाला वाळीत टाकलं तर 2017 पासून महाराष्ट्रात त्यासाठी वेगळा कायदा, देशातला असा पहिला. पण दोन मध्यम जातींनी एकमेकांचा किराणा बंद केला, तर कुठल्या कलमात बसवू? माझ्याकडे कलम नाही.

गुरुजी : तेच तर. इथे भीती आहे, द्वेष नाही. तू दोन्ही एकाच दावणीला बांधतेस. आपल्या इथली गोष्ट बघ. पैनगंगेपलीकडे वाशीम-यवतमाळला सोयरीक केली, तर त्या घरात कुणबी दाखला असतो. मामेभाऊ ओबीसी, आतेभाऊ खुल्या गटात. शेत तेवढंच, सोयाबीन तेवढंच, भाव तोच. फरक इतकाच की एकाचा आजा मध्य प्रांत-वऱ्हाडात होता आणि दुसऱ्याचा निजामाच्या राज्यात. 2018 ला मराठ्यांना आरक्षण दिलं, 5 मे 2021 ला सर्वोच्च न्यायालयात ते गेलं, फेब्रुवारी 2024 ला दहा टक्के पुन्हा दिलं, 2 सप्टेंबर 2025 ला हैदराबाद गॅझेटवरून कुणबी दाखल्यांचा शासन निर्णय आला. पोरानं काय समजायचं? त्याला कुणाचा द्वेष नव्हता. त्याला दाखला हवा होता.

वकील : आणि धनगराच्या, माळ्याच्या, वंजाऱ्याच्या पोराला वाटलं की आपल्या ताटातला घास चालला. त्यालाही द्वेष नव्हता. भीतीच होती. दोन्ही बाजूंना भीती खरी, कारण वाटायला नोकऱ्याच नाहीत. गुरुजी, इथे मी तुमच्या बाजूनं एक पाऊल टाकते. घाबरलेल्या माणसाला ‘तू द्वेष्टा आहेस’ असं ठणकावून सांगितलं की तो तसाच होतो. पण तुम्हीही एक पाऊल टाका. भीती आपोआप शेजाऱ्याच्या दुकानाकडे बोट दाखवत नाही. ती मंत्रालयाकडेही दाखवू शकली असती. भाव पाडणाऱ्याकडे, भरती बंद ठेवणाऱ्याकडे दाखवू शकली असती. ती शेजाऱ्याकडेच का वळली? कारण जातीची पायवाट आधीच मळलेली होती. तुमच्या भाषणांनी आणि मोबाईलनं फक्त गर्दी त्या वाटेला लावली.

गुरुजी : म्हणजे वाट आतली, रेटा बाहेरचा.

वकील : एवढ्यावर आपलं जमू शकतं.

गुरुजी : मग उपाय काय? बीडला 2025 मध्ये पोलीस अधीक्षकांनी पोलिसांच्या छातीवरच्या पाटीवरून आडनावं काढायला लावली, नुसतं नाव ठेवलं. मला ते आवडलं.

वकील : चांगलंच आहे. फिर्याद घेऊन आलेल्या माणसाला समोरच्याचं आडनाव वाचून धसका बसत नाही. पण गावात कुणाच्या छातीवर पाटी असते का? तिथे आडनाव माणसाच्या आधी पोहोचतं. पाट्या बदलायला मी नको म्हणत नाही. विद्यापीठाची पाटी 14 जानेवारी 1994 ला बदलली, तिचा नामविस्तार झाला, तेव्हा आमच्या वस्तीत दिवाळी झाली. नावाला किंमत असते. पण 1978 ला ठराव एकमतानं झाला आणि गावं जळाली, यातून मी एक शिकले. वरचा निर्णय खाली उतरायच्या आधी खाली कुणी माणूस तयार केलेला नसेल, तर त्याची किंमत सगळ्यात खालचा मोजतो.

गुरुजी : माणूस तयार करायचा तर मी हळदीच्या बाजाराकडे बघतो. हिंगोलीच्या मार्केट यार्डाला नामदेवांचंच नाव. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. तिथे ढिगावर बोली लागते तेव्हा माल कुणाच्या जातीचा हे विचारत नाहीत. शेतकरी कंपन्या निघाल्यात, बचत गट आहेत. माणसं पोटासाठी एकत्र येतात, तेव्हा उपदेश लागत नाही.

वकील : बोली जात विचारत नाही, सातबारा विचारतो. हळद ज्याच्या नावावर तो बोलीला उभा, आणि ती काढणारी, शिजवताना धुरात उभी राहणारी बाई बहुतेक वेळा आमच्या नाहीतर आंध-मातंगांच्या वस्तीतली. तरी तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण अटी आहेत. गॉर्डन ऑलपोर्ट नावाच्या मानसशास्त्रज्ञानं 1954 मध्येच लिहून ठेवलं, की नुसतं जवळ येऊन पूर्वग्रह जात नाहीत. दोघांचा दर्जा बरोबरीचा हवा, उद्दिष्ट एक हवं, ते मिळवायला एकमेकांची गरज हवी, आणि वरून संस्थेचं पाठबळ हवं. शेतात मालक-मजूर म्हणून रोज जवळ येतोच की आपण, त्यानं काय झालं? पण शेतकरी कंपनीच्या संचालक मंडळात भूमिहीन बाई मताची धनी म्हणून बसली, बचत गटाच्या हिशेबाची वही बौद्ध पोरीच्या हातात आली, तर गोष्ट बदलते.

गुरुजी : ते बसवणं सोपं नाही. माझीच भावकी पहिली बोंब मारेल.

वकील : मारेलच. मघाशी तुम्ही विचारलं ना, न जळालेल्या दोन गावांत फरक कसा ओळखायचा? असाच. शांततेच्या दिवशी दोन्ही गावं सारखी दिसतात, गणपतीला, पोळ्याला, सप्त्याला सारखी दिसतात. कुणीतरी एक पायरी वर चढतं त्या दिवशी खरं कळतं. पोरगी उपसरपंच होते, मिरवणूक पहिल्यांदा वेशीतून जाते, गायरानाचा तुकडा नावावर होतो, कुणाला दाखला मिळतो. त्या दिवशी गाव काय करतं, ते त्या गावाचं खरं रूप. बाकी सगळा शिष्टाचार.

गुरुजी : समजा आपल्या गावात असा दिवस उद्याच आला. एप्रिलमध्ये तुमची जयंतीची मिरवणूक मुख्य रस्त्यानं न्यायची ठरली. मी काय करू? पुढे चालू?

वकील : पुढे नको. पुढे चाललात की ती तुमची मेहरबानी होते. सोबत चाला. आणि त्याच्या आठवडाभर आधी भावकीच्या बैठकीत हे स्वतः सांगा. ते मी सांगितलं तर नोटीस वाटते, तुम्ही सांगितलं तर घरातलं बोलणं होतं.

गुरुजी : ऐकतील याची खात्री नाही. दोन-चार जण माझ्याशी बोलणं टाकतील.

वकील : ती किंमत आहेच. आजवर ती एकाच वस्तीनं मोजली.

गुरुजी : आणि तू? माझ्याकडून भावकीचा वाईटपणा घ्यायला लावतेस, तू तुझ्या लोकांना काय सांगशील?

वकील : मी वस्तीत सांगीन की दाखला मागणारा कोरडवाहू मराठा पोरगा आपला वैरी नाही, आणि त्याच्या भीतीची टिंगल करायची नाही. बांधाच्या भांडणात जात आली नसेल तर जात घालू नका, असंही सांगीन. माझ्याच आळीत मला ‘पाटलाची वकील’ म्हणतील.

गुरुजी : म्हणतीलच.

वकील : मग बैठक कधी लावताय, तेवढं सांगा. एप्रिल लांब नाही.